फॉर्म बंद होतोय, पण बदल सेव्ह झालेत का? डेस्कटॉप प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी

‘बदल सेव्ह करायचे का?’ असा मेसेज बॉक्स दाखवायला कोडची एक ओळ पुरते. म्हणूनच बहुतेक जण हे काम सगळ्यात शेवटी, घाईघाईत उरकतात. मग प्रोग्रॅम लोकांच्या हातात गेला की तक्रारी सुरू होतात. ‘मी काहीच बदललं नाही तरी विचारतो.’ ‘कॅन्सल दाबलं तरी फॉर्म गेला.’ ‘सेव्ह केलं होतं, पण शेवटचा आकडा जुनाच दिसतोय.’

यातल्या एकाही तक्रारीचं मूळ मेसेज बॉक्समध्ये नसतं. एक तर बदल झालाय की नाही हे ओळखण्यात आधीच गफलत झालेली असते, नाहीतर उत्तर मिळाल्यानंतर काय करायचं याचा विचार अर्धवट सोडलेला असतो. त्यामुळे या लेखात प्रश्नापेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या भागावर जास्त वेळ घालवला आहे.

उदाहरणं मुख्यतः सी शार्प आणि विंडोज फॉर्म्समधली आहेत. डब्ल्यूपीएफ, क्यूट, जावा स्विंग आणि पायथनचं टीकेइंटर या विंडो बनवायच्या दुसऱ्या साधनांमध्ये जिथे वेगळं वागावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे. क्लास आणि प्रॉपर्टींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये सुरुवातीची दोन-चार अक्षरं टाइप केलीत की ती यादीत सापडतील.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- तुमच्या फॉर्ममधून बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटांची यादी. फुलीचं बटण, ऑल्ट-एफ४, एस्केप, मेनूतलं ‘एक्झिट’, टास्कबारवर राइट क्लिक करून ‘क्लोज’, मुख्य विंडो बंद झाल्यामुळे बंद होणं, लॉगऑफ, शटडाउन.
- सेव्ह करणारं एकच फंक्शन. ते यशस्वी झालं की नाही हे ट्रू किंवा फॉल्स असं परत सांगणारं. ‘व्हॉइड’ परत करणारं फंक्शन असेल तर आधी ते बदला, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.
- फॉर्मवरच्या कंट्रोल्सपासून वेगळा ठेवलेला डेटा, म्हणजे एखादा साधा क्लास. डेटा फक्त टेक्स्टबॉक्समध्येच राहत असेल तर तुलना कशाशी करणार?
- लॉगऑफ-शटडाउन बिनधास्त करून बघता येईल असं व्हर्च्युअल मशीन.
- लॉग फाइल. शटडाउनच्या वेळी डीबगर उपयोगी पडत नाही, लॉगमधली ओळच काय घडलं ते सांगते.

## १. ‘बंद होतोय’ आणि ‘बंद झाला’ यांत गल्लत करू नका

विंडोज फॉर्म्समध्ये दोन इव्हेंट आहेत. फॉर्मक्लोझिंग हा फॉर्म बंद होण्याआधी येतो आणि त्यात ‘ई.कॅन्सल = ट्रू’ केलं की बंद होणं थांबतं (‘ई’ म्हणजे इव्हेंटसोबत हातात येणारा ऑब्जेक्ट). फॉर्मक्लोज्ड हा नंतर येतो. तिथे काहीही थांबवता येत नाही, फक्त आवराआवर करायची: टायमर थांबवणं, फाइल सोडणं वगैरे. प्रश्न विचारायची जागा पहिलीच.

जुन्या कोडमध्ये नुसते क्लोझिंग आणि क्लोज्ड असे इव्हेंट दिसतील. २००५ साली आलेल्या डॉटनेट २.० पासून त्यांच्या जागी वरची जोडी आली. नवीन कोडमध्ये जुने वापरू नका, कारण फॉर्म का बंद होतोय हे ते सांगत नाहीत. त्याची गरज सातव्या पायरीत लागणार आहे.

इतर ठिकाणी हेच दार वेगवेगळ्या नावांनी आहे. डब्ल्यूपीएफमध्ये विंडोचा क्लोझिंग, क्यूटमध्ये क्लोजइव्हेंट हे फंक्शन आणि त्यात इव्हेंटवर ‘इग्नोर’, डेल्फीमध्ये ऑनक्लोजक्वेरी, जुन्या व्हीबी ६ मध्ये क्वेरीअनलोड.

स्विंग आणि टीकेइंटरमध्ये मात्र दोन खाचखळगे आहेत. स्विंगच्या विंडोक्लोझिंगमध्ये ‘कॅन्सल’ नावाची सोयच नाही. जेफ्रेमचं मूळ वागणं ‘हाइड ऑन क्लोज’ असं असतं, म्हणजे तुमचा लिसनर काहीही म्हणो, विंडो दिसेनाशी होणारच. आधी सेटडिफॉल्टक्लोजऑपरेशनला ‘डू नथिंग ऑन क्लोज’ द्या आणि बंद करायचं ठरलं की डिस्पोज स्वतः बोलवा. टीकेइंटरमध्ये ‘डब्ल्यूएम डिलीट विंडो’ या प्रोटोकॉलला स्वतःचं फंक्शन जोडलंत की विंडो बंद करण्याची जबाबदारी तुमची. डिस्ट्रॉय बोलवायला विसरलात तर फुली दाबूनही विंडो ढिम्म हलणार नाही.

## २. सगळ्या वाटा एकाच दाराने काढा

मेनूतल्या ‘एक्झिट’मागे फक्त क्लोज हे फंक्शन बोलवा. तिथे वेगळा प्रश्न विचारू नका. मेनूच्या हँडलरमध्येही विचारलं आणि फॉर्मक्लोझिंगमध्येही विचारलं की एकच प्रश्न पाठोपाठ दोनदा येतो. मग तो टाळायला कुणीतरी ‘आधीच विचारलंय’ असा फ्लॅग घालतं आणि गुंता वाढतो.

एन्व्हायर्न्मेंट.एक्झिट हे फंक्शन थेट प्रोसेस संपवतं. फॉर्मक्लोझिंग येतच नाही, त्यामुळे बदल गुपचूप जातात. ॲप्लिकेशन.एक्झिट विंडोज फॉर्म्समध्ये तसं सभ्य आहे: प्रत्येक उघड्या फॉर्मला विचारतं आणि एकानेही नकार दिला तर थांबतं. पण डब्ल्यूपीएफमधलं ॲप्लिकेशनचं शटडाउन फसवं आहे. ते क्लोझिंग इव्हेंट पाठवतं, तुमचा मेसेज बॉक्स दिसतो, वापरणारा ‘कॅन्सल’ दाबतो आणि तो नकार सरळ दुर्लक्षिला जातो. डब्ल्यूपीएफमध्ये बाहेर पडायचं असेल तर मुख्य विंडोचं क्लोजच बोलवा.

क्यूटमध्ये एस्केपकडे लक्ष ठेवा. क्यूडायलॉगवर एस्केप दाबलं की क्लोजइव्हेंट न येता थेट रिजेक्ट हे फंक्शन चालतं. त्यामुळे डायलॉगमध्ये एडिट होत असेल तर तपासणी रिजेक्टमध्ये ठेवा. फुली दाबल्यावरही शेवटी तिथेच यावं लागतं.

## ३. बदल झालाय हे ओळखायची पद्धत निवडा

अवघड भाग हा आहे. तीन पद्धती प्रचलित आहेत आणि कुठली घ्यायची हे तुमच्या फॉर्मवर ठरतं.

फ्लॅग. ‘बदलझाला’ नावाचं एक बूलियन ठेवायचं आणि प्रत्येक कंट्रोलच्या बदलाच्या इव्हेंटमध्ये ते ट्रू करायचं. आठ-दहा फील्डच्या फॉर्मला पुरतं, पण यात एक हमखास चूक होते. फॉर्म उघडताना तुम्ही डेटाबेसमधून नाव आणून टेक्स्टबॉक्समध्ये भरता, तेव्हाही टेक्स्टचेंज्ड येतोच. कॉम्बोबॉक्सला यादी जोडली की तो आपणहून पहिला पर्याय निवडतो आणि सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड येतो. म्हणजे वापरणाऱ्याने अजून माउसही हलवलेला नाही आणि फ्लॅग ट्रू झालेला आहे.

उपाय म्हणून ‘भरणंचालू’ असा दुसरा फ्लॅग ठेवतात: भरायला सुरुवात करताना ट्रू, संपल्यावर फॉल्स, आणि तो ट्रू असेपर्यंत बदलाची दखल घ्यायची नाही. चांगलं आहे, फक्त तो फॉल्स करणारी ओळ ‘फायनली’ ब्लॉकमध्ये टाका. भरताना मध्येच एक्सेप्शन आलं आणि फ्लॅग ट्रूच राहिला, तर त्यानंतर केलेला कुठलाही बदल नोंदला जात नाही. फॉर्म न विचारता बंद होतो आणि काम जातं. विनाकारण विचारणाऱ्या फॉर्मपेक्षा हा दोष कितीतरी वाईट, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही.

मूळ प्रत ठेवून तुलना. फॉर्म उघडताना डेटाची एक प्रत बाजूला ठेवायची आणि बंद होताना आत्ताच्या किमतींशी ताडून बघायची. कुणी एक अक्षर टाइप करून खोडलं तर ‘बदल नाही’ असं बरोबर कळतं. माहिती भरायच्या फॉर्मसाठी माझी पसंती यालाच. कंट्रोल नवीन आला की इव्हेंट जोडायला विसरण्याचा धोकाही यात नसतो, फक्त तुलनेत ते फील्ड आलं पाहिजे.

अडचण असते ती ‘सारखं’ म्हणजे काय यात. डेटाबेसमध्ये पत्त्याच्या जागी नल आहे. टेक्स्टबॉक्सचं टेक्स्ट कधीच नल नसतं, ते रिकामी स्ट्रिंग देतं. नल आणि रिकामी स्ट्रिंग यांची तुलना केलीत की हात न लावलेला फॉर्मही ‘बदललेला’ ठरतो. तारखेचं आणखी वाईट. डेटटाइमपिकर रिकामा राहू शकत नाही, त्याला किंमत दिली नाही तर तो आत्ताची वेळ धरतो. रेकॉर्डमध्ये तारीख नसेल तर फॉर्म उघडताक्षणी फरक तयार, आणि वापरणाऱ्याने वैतागून ‘सेव्ह’ दाबलं की कुणीही न निवडलेली आजची तारीख रेकॉर्डमध्ये जाऊन बसते! अशा फील्डसाठी पिकरचा चेकबॉक्स चालू करा आणि टिक नसेल तर नल धरा. दशांश आकड्यांची तुलना मजकूर म्हणून करू नका. ‘१०’ आणि ‘१०.००’ मजकूर म्हणून वेगळे, रक्कम म्हणून सारखे. शेवटच्या मोकळ्या जागा दोन्हीकडून छाटायच्या की नाही हेही एकदाच ठरवून टाका.

अनडूच्या यादीवरून. एडिटर, चित्रकलेचा प्रोग्रॅम, आराखडे काढायचं साधन, अशांमध्ये सगळा दस्तऐवज ताडून बघणं महाग पडतं. तिथे अनडू स्टॅकमध्ये ‘शेवटचं सेव्ह इथे झालं’ अशी खूण ठेवतात. क्यूटचा क्यूअनडूस्टॅक हे तयारच देतो: सेव्ह झाल्यावर सेटक्लीन, विचारायचं असेल तेव्हा इझक्लीन. सेव्हनंतर तीन बदल केले आणि तीनदा अनडू केलं तर दस्तऐवज पुन्हा स्वच्छ. आणि सेव्ह करून मग अनडू केलं तर तो अस्वच्छ, कारण डिस्कवर आता वेगळं आहे. नुसत्या बूलियन फ्लॅगला ही दुसरी गोष्ट समजावता समजावता पुरेवाट होते.

डेटासेट, म्हणजे डेटाबेसमधल्या ओळी मेमरीत ठेवणारा डॉटनेटचा क्लास, वापरत असाल तर त्याचं हॅजचेंजेस हे फंक्शन तयारच आहे. ते कधी फसवतं ते पुढच्या पायरीत.

## ४. अर्धवट राहिलेलं एडिट आधी पक्कं करा

‘शेवटचा आकडा जुनाच राहिला’ ही तक्रार इथली.

वापरणारा रकमेच्या फील्डमध्ये ५०० च्या जागी ७५० टाइप करतो आणि टॅब न दाबता टूलबारवरच्या सेव्हवर क्लिक करतो. टूलस्ट्रिपवरचं बटण फोकस घेत नाही. डेटा बाइंडिंग, म्हणजे कंट्रोल आणि ऑब्जेक्ट यांना जोडणारी सोय, मूळ सेटिंगनुसार किंमत व्हॅलिडेशनच्या वेळी, म्हणजे फोकस सुटल्यावर पुढे पाठवतं. फोकस सुटलाच नाही, त्यामुळे पडद्यावर ७५० आणि ऑब्जेक्टमध्ये ५००. सेव्ह झालं, ‘यशस्वी’ असा संदेशही आला. डब्ल्यूपीएफमध्ये टेक्स्टबॉक्सचं बाइंडिंग मुळात ‘लॉस्टफोकस’वर चालतं, तिथेही हाच प्रकार.

म्हणून बदल तपासण्याआधी आणि सेव्ह करण्याआधी, दोन्ही वेळा, या क्रमाने करा:

- फॉर्मचं व्हॅलिडेट बोलवा.
- ग्रिड असेल तर त्याचं एंडएडिट.
- बाइंडिंगसोर्सचं एंडएडिट.
- त्यानंतरच हॅजचेंजेस किंवा तुमची तुलना.

बाइंडिंगसोर्सचं एंडएडिट राहिलं तर चालू ओळीतला बदल ‘प्रस्तावित’ अवस्थेतच राहतो आणि हॅजचेंजेस निर्विकारपणे फॉल्स सांगतं. डब्ल्यूपीएफमध्ये ज्या बाइंडिंगबद्दल शंका आहे त्याचा अपडेटसोर्सट्रिगर ‘प्रॉपर्टीचेंज्ड’ करा. स्विंगच्या जेटेबलमध्ये एखादी सेल एडिट होत असेल तर तिच्या एडिटरचं स्टॉपसेलएडिटिंग बोलवा.

याच व्हॅलिडेशनची एक उलटी बाजू आहे. फील्डमध्ये चुकीची किंमत आहे आणि व्हॅलिडेटिंग इव्हेंट ती अडवतोय, अशा वेळी साध्या, म्हणजे मोडल नसलेल्या (बंद होईपर्यंत बाकीच्या विंडो न अडवणाऱ्या) फॉर्ममध्ये ई.कॅन्सल हे फॉर्मक्लोझिंगमध्ये पोचतानाच ट्रू असतं. वापरणारा ‘सेव्ह नको’ म्हणतो तरी फॉर्म बंद होत नाही. बिचारा फुली दाबत बसतो. बदल टाकून द्यायचे ठरले असतील तर ई.कॅन्सल स्पष्टपणे फॉल्स करा. टाकून द्यायच्या माहितीची शुद्धता कशाला तपासायची?

## ५. प्रश्न असा विचारा की एंटर दाबणाऱ्याचं नुकसान होऊ नये

लोक मेसेज बॉक्स वाचत नाहीत, एंटर दाबतात. तुमचा प्रश्न ‘सेव्ह न करता बाहेर पडायचं?’ असा असेल आणि ‘हो’वर फोकस असेल, तर एंटरने काम गेलं. प्रश्न ‘बदल सेव्ह करायचे का?’ असाच ठेवा, म्हणजे ‘हो’ हे सुरक्षित उत्तर ठरतं.

बटणांवर क्रियापदं लिहिता आली तर आणखी बरं: ‘सेव्ह करा’, ‘सेव्ह नको’, ‘परत जा’. साध्या मेसेजबॉक्समध्ये बटणांची नावं बदलता येत नाहीत. डॉटनेट ५ पासून विंडोज फॉर्म्समध्ये टास्कडायलॉग आला आहे, त्यात येतात. फाइलचं किंवा रेकॉर्डचं नाव प्रश्नात घाला. चार विंडो उघड्या असताना नुसतं ‘बदल सेव्ह करायचे का?’ म्हणजे कोणते?

तिसरं बटण टाळू नका. फक्त हो-नाही असलेल्या मेसेजबॉक्सवर विंडोज फुली बंदच करून ठेवतं, म्हणजे चुकून फॉर्म बंद करायला गेलेल्याला माघारीची वाटच उरत नाही. आणि बदल नसतील तर काहीही विचारू नका. ‘नक्की बाहेर पडायचं का?’ हा प्रश्न दर वेळी विचारलात की लोकांचं बोट आपोआप ‘हो’कडे जायला शिकतं, आणि खरोखर महत्त्वाचा प्रश्न येतो त्या दिवशीही ते तिकडेच जातं.

विचारायची वेळ येण्याआधीच टायटलमध्ये खूण दाखवणं ही स्वस्तात मिळणारी सोय. क्यूटमध्ये टायटलमध्ये चौकोनी कंसात तारा लिहून ठेवला आणि सेटविंडोमॉडिफाइड बोलवत राहिलं की खूण आपोआप दिसते-जाते. मॅकवर त्यासाठी लाल बटणात ठिपका येतो.

## ६. तीन उत्तरं, पण निकाल चार

सांगाडा असा:

- अर्धवट एडिट पक्कं करा.
- बदल नसतील तर ई.कॅन्सल = फॉल्स करून परत फिरा.
- प्रश्न विचारा.
- उत्तर ‘सेव्ह नको’ असेल तर ई.कॅन्सल = फॉल्स.
- उत्तर ‘सेव्ह करा’ असेल तर सेव्हचं फंक्शन बोलवा आणि त्याने फॉल्स दिलं तर ई.कॅन्सल = ट्रू.
- बाकी काहीही उत्तर आलं तर ई.कॅन्सल = ट्रू.

पाचवी ओळ सर्रास विसरली जाते. वापरणाऱ्याने सेव्ह करा म्हटलं, पण डिस्क भरली होती, नेटवर्क तुटलं होतं, किंवा नवीन फाइल असल्यामुळे ‘सेव्ह ॲज’ उघडलं आणि त्याने तिथे कॅन्सल दाबलं. या सगळ्यांत सेव्ह झालेलं नाही, म्हणून फॉर्म उघडा राहिलाच पाहिजे. सेव्हचं फंक्शन ट्रू-फॉल्स सांगणारं हवं असा आग्रह सुरुवातीला धरला तो याचसाठी.

शेवटच्या ओळीतलं ‘बाकी काहीही’ मुद्दाम लिहिलंय. स्विंगमध्ये जेऑप्शनपेनची फुली दाबली तर ‘क्लोज्ड ऑप्शन’ म्हणजे उणे १ मिळतं, ते ‘कॅन्सल’ नसतं. फक्त कॅन्सलशी तुलना करणारा कोड इथे घसरतो. पायथनमध्ये तर सापळा भाषेतच आहे. टीकेइंटरचं आस्कयेसनोकॅन्सल ‘हो’ला ट्रू, ‘नाही’ला फॉल्स आणि ‘कॅन्सल’ला नन देतं. ‘इफ नॉट उत्तर’ लिहिलंत की फॉल्स आणि नन दोन्ही एकाच फांदीत जातात: माणूस कॅन्सल म्हणतोय आणि प्रोग्रॅम त्याचं काम फेकून देतोय. ‘उत्तर इज नन’ ही तपासणी सगळ्यात आधी करा.

सेव्ह करतानाही जुन्या फाइलवर थेट लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहा, पूर्ण झाली की जुनीच्या जागी ठेवा. डॉटनेटमध्ये फाइल.रिप्लेस, पायथनमध्ये ओएस.रिप्लेस, क्यूटमध्ये क्यूसेव्हफाइल. फोल्डर तोच हवा, कारण दुसऱ्या ड्राइव्हवरून हलवणं म्हणजे प्रत्यक्षात कॉपी करणं, आणि कॉपी मध्येच तुटू शकते. ‘बदल नाहीत’ अशी नोंद हे सगळं पार पडल्यावरच करा.

## ७. फॉर्म का बंद होतोय ते बघा

फॉर्मक्लोझिंगच्या इव्हेंटमध्ये क्लोजरीझन मिळतं. वापरणाऱ्याने बंद केलं तर यूझरक्लोझिंग, विंडोज बंद होत असेल तर विंडोजशटडाउन, शिवाय एमडीआयफॉर्मक्लोझिंग, फॉर्मओनरक्लोझिंग, टास्कमॅनेजरक्लोझिंग आणि ॲप्लिकेशनएक्झिटकॉल.

शटडाउन चालू असताना मेसेज बॉक्स दाखवून वाट बघत बसणं उपयोगाचं नाही. प्रोग्रॅमने साधारण ५ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ‘हे ॲप बंद होऊ देत नाही’ असा पडदा दाखवतं आणि तिथून वापरणारा जबरदस्तीने बंद करू शकतो. अशा वेळी न विचारता मसुदा वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि जाऊ द्या. पुढच्या वेळी प्रोग्रॅम उघडला की ‘मागच्या वेळचे न सेव्ह केलेले बदल सापडले, परत आणू का?’ असं विचारा. मूळ फाइलवर मात्र परस्पर सेव्ह करू नका, कारण कदाचित त्याला ते बदल नकोच होते. डब्ल्यूपीएफमध्ये सत्र संपताना विंडोचा क्लोझिंग येत नाही, त्यासाठी ॲप्लिकेशनचा सेशनएंडिंग हाताळावा लागतो.

यावरून बरेच जण ‘यूझरक्लोझिंग असेल तरच विचारायचं’ अशी अट घालतात. अट वाजवी दिसते, पण तिचं काय होतं ते नवव्या पायरीत बघा.

## ८. एसिंक सेव्ह करत असाल तर क्रम उलटा करा

फॉर्मक्लोझिंगचा हँडलर एसिंक, म्हणजे काम पूर्ण व्हायची वाट बघताना विंडो न अडवणारा, केला आणि आत ‘अवेट’ लावून सेव्ह केलं, तर पहिल्या खऱ्या थांब्यावर हँडलर परत फिरतो. फ्रेमवर्क ई.कॅन्सल बघतं, तिथे फॉल्स असतं, फॉर्म बंद. सेव्ह पूर्ण होऊन तुम्ही ई.कॅन्सल = ट्रू करता तेव्हा ते बघायला कुणी उरलेलं नसतं.

म्हणून अवेटच्या आधीच ई.कॅन्सल = ट्रू करा. बटणं निष्क्रिय करा, सेव्ह होऊ द्या. यशस्वी झालं की ‘आताबंदहोऊदे’ असा फ्लॅग ट्रू करून क्लोज पुन्हा बोलवा, आणि हँडलरच्या पहिल्याच ओळीत तो फ्लॅग ट्रू असेल तर काही न विचारता सोडून द्या. डब्ल्यूपीएफमध्ये क्लोझिंग चालू असताना क्लोज बोलवलं तर एक्सेप्शन येतं, त्यामुळे ते डिस्पॅचरच्या बिगिनइन्व्होकमधून बोलवा.

सेव्ह चालू असताना वापरणाऱ्याला टाइप करू देणार असाल, तर फ्लॅगऐवजी बदलाचा क्रमांक ठेवा. प्रत्येक बदलाला तो एकने वाढवायचा, सेव्ह सुरू होताना टिपून घ्यायचा आणि सेव्ह झाल्यावर ‘टिपलेल्या क्रमांकापर्यंत सेव्ह झालं’ अशी नोंद करायची. नाहीतर सेव्हच्या दरम्यान टाइप केलेलं ‘सेव्ह झालं’ या नोंदीखाली गाडलं जातं.

## ९. एकाहून जास्त विंडो

एमडीआयमध्ये, म्हणजे एका मुख्य विंडोच्या आत अनेक चाइल्ड फॉर्म असतात तेव्हा, मुख्य विंडो बंद करताना आधी प्रत्येक चाइल्ड फॉर्मचा फॉर्मक्लोझिंग येतो, मग मुख्य फॉर्मचा. चाइल्डकडे त्या वेळी कारण एमडीआयफॉर्मक्लोझिंग असं येतं. आता ती वाजवी अट आठवा: यूझरक्लोझिंग नाही, म्हणून चाइल्ड काहीच विचारत नाही आणि सगळ्या उघड्या फॉर्ममधले बदल एका फटक्यात जातात. मालक विंडोबरोबर बंद होणाऱ्या फॉर्मचं फॉर्मओनरक्लोझिंगमुळे हेच होतं. अट उलटी लिहा: विंडोजशटडाउन असेल तर मसुदा, बाकी सगळ्या कारणांना विचारा.

दुसरं, चाइल्डने नकार दिला तरी मुख्य फॉर्मचा फॉर्मक्लोझिंग येतोच, फक्त त्यात ई.कॅन्सल आधीच ट्रू असतं. मुख्य फॉर्मच्या हँडलरमध्ये पहिली ओळ ‘ई.कॅन्सल ट्रू असेल तर परत फिरा’ अशी असू द्या. चौथ्या पायरीतलं ‘स्पष्टपणे फॉल्स करा’ इथे लावलंत तर चाइल्डचा नकार पुसला जाईल.

शोडायलॉगने उघडलेले फॉर्म बंद केल्यावर नष्ट होत नाहीत, नुसते लपतात. तोच ऑब्जेक्ट पुन्हा दाखवला तर मागच्या वेळी टाकून दिलेले बदल फील्डमध्ये दिसतील. दर वेळी नवा ऑब्जेक्ट ‘यूझिंग’ ब्लॉकमध्ये बनवा. आणि ‘ओके’ बटणाला डायलॉगरिझल्ट दिलेला असला तरी फॉर्मक्लोझिंग येतो हे लक्षात ठेवा, नाहीतर ओके दाबणाऱ्यालाही ‘सेव्ह करायचं का?’ विचाराल.

## १०. इव्हेंट येतच नाही तेव्हा

वीज गेली, प्रोसेस जबरदस्तीने मारली, प्रोग्रॅम कोसळला. यात फॉर्मक्लोझिंगचा संबंधच येत नाही. सातव्या पायरीसाठी मसुदा लिहिणारं फंक्शन केलंच आहे, तेच टायमरवर लावा. बदल झाला असेल तरच लिहा, आणि नीट सेव्ह झालं किंवा ‘सेव्ह नको’ म्हटल्यावर फॉर्म खरोखर बंद झाला की मसुद्याची फाइल पुसा. ती पुसायची राहिली तर नाकारलेले बदल दुसऱ्या दिवशी परत समोर येऊन उभे राहतात.

## ११. देण्याआधी एवढं करून बघा

- फॉर्म उघडा, काही न करता बंद करा. प्रश्न आला तर तिसरी पायरी पुन्हा वाचा. नल असलेल्या रेकॉर्डवर हे मुद्दाम करा.
- एक अक्षर टाइप करा, टॅब न दाबता फुली दाबा. प्रश्न आलाच पाहिजे.
- आकडा बदला, टॅब न दाबता टूलबारवरून सेव्ह करा, फॉर्म पुन्हा उघडून आकडा बघा.
- प्रश्नाच्या बॉक्सवर एस्केप आणि फुली, दोन्ही दाबून बघा. फॉर्म उघडा राहिला पाहिजे.
- फाइल रीड-ओन्ली करा, बदल करा, बंद करताना ‘सेव्ह करा’ म्हणा. सेव्ह न झाल्याचा संदेश यावा आणि फॉर्म जागेवर असावा.
- फील्डमध्ये चुकीची किंमत ठेवून ‘सेव्ह नको’ म्हणा. फॉर्म पहिल्याच वेळी बंद व्हावा.
- तीन चाइल्ड फॉर्म बदलून मुख्य विंडो बंद करा आणि दुसऱ्या प्रश्नाला कॅन्सल म्हणा. काहीही बंद होता कामा नये. तुमच्या रचनेत प्रत्येक चाइल्डला स्वतंत्र विचारत असाल, तर पहिल्याला दिलेल्या ‘सेव्ह नको’ या उत्तराचं काय झालं ते नीट बघा: तो फॉर्म अजून उघडा आहे, तर त्यातले बदल आणि त्याचा मसुदाही शाबूत असायला हवेत.
- व्हर्च्युअल मशीनमध्ये बदल करून थेट शटडाउन करा, पुन्हा चालू करून प्रोग्रॅम उघडा. मसुदा परत आणण्याचा प्रश्न दिसला पाहिजे, मूळ फाइल जशीच्या तशी असली पाहिजे, आणि लॉगमध्ये शटडाउनच्या वेळची ओळ सापडली पाहिजे.